कांद्यात नसलेले हिरवे कण

लीला नवाथे बडोद्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळेची मदतनीस होती. नवरा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात होता. तो आजारपणात गेला तेव्हा तिचं वय एकतीस आणि शिक्षण आठवीपर्यंत. मग तिने ही नोकरी धरली; वाडी भागातल्या घरापासून शाळा चालत वीस मिनिटांवर होती. आधी बाटल्या धुणं आणि टेबलं पुसणं एवढंच काम होतं. मग जीवशास्त्राच्या सरोजिनीबाईंनी तिला कांद्याचा पापुद्रा काढायला शिकवलं.

"सुरकुती पडू द्यायची नाही. हवा शिरते, आणि मुली बुडबुड्यालाच पेशी समजतात," बाई म्हणाल्या.

लीलाचा हात लवकर बसला. पापुद्रा चिमट्याने ओढून ती काचपट्टीवर पसरायची, वर आयोडीनचा थेंब घालायची, आणि मुली यायच्या आत प्रत्येक पट्टी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. विटांसारख्या लांबट पेशी, प्रत्येकीला आपली भिंत, आत पिवळसर डागासारखं केंद्रक. ते नेहमी कडेलाच का, असं तिने एकदा विचारलं. बाईंनी सांगितलं की मधली जागा पाण्याने भरलेल्या रिक्तिकेने अडवलेली असते. पेशीचा सगळा कारभार केंद्रक चालवतं, पण ते कडेला बसून.

१९७९ च्या मार्चात बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. परीक्षक बाहेरगावचे होते. मंदा नावाच्या मुलीने काढलेल्या आकृतीवर त्यांनी पेन्सिल ठेवली.

"आमां हरितकण क्यां छे?" वनस्पतीची पेशी, आणि हिरवे कण कुठे आहेत, असं त्यांचं विचारणं होतं.

"सर, दिसले नाहीत," मंदा गुजरातीत म्हणाली.

त्यांनी दोन गुण कापले. बाकीच्या अकरा जणींनी भिंतीवरच्या तक्त्यातले हिरवे ठिपके आठवून काढले होते. त्यांचे गुण कापले गेले नाहीत.

मुलींच्या स्वतःच्या शिक्षिकेला परीक्षेत मनाई असल्याने सरोजिनीबाई त्या दिवशी आत येऊ शकत नव्हत्या. लीला ट्रे धरून उभी होती. बोलायचं तिचं काम नव्हतं, हे तिला माहीत होतं.

"साहेब, कांद्यात ते नसतातच," ती म्हणाली. "कांदा जमिनीत वाढतो, त्याला ऊन कुठलं?"

"तुम्ही शिक्षिका आहात?"

"नाही. या पट्ट्या मी करते."

तिने बरणीतल्या पाणवनस्पतीचं एक पान उचललं, पट्टीवर ठेवलं आणि सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे वळवला. परीक्षक बराच वेळ बघत राहिले. पानाच्या पेशीत हिरवे कण भिंतीच्या कडेकडेने हळूहळू सरकत होते. मग त्यांनी कांद्याची पट्टीही बघितली.

त्यांनी मंदाचे गुण परत दिले. नंतर उरलेल्या अकरा वह्या पुन्हा मागवल्या आणि प्रत्येकीचे दोन गुण कापले.

हे लीलाच्या ध्यानीमनी नव्हतं. दोन मुली तिथेच रडल्या. आठवड्याभरात काही पालक मुख्याध्यापकांकडे आले, आणि परीक्षेच्या वेळी तोंड उघडल्याबद्दल तिला लेखी समज मिळाली. तिने कागदावर सही केली.

"मी गप्प राहिले असते तर बरं झालं असतं का?" तिने सरोजिनीबाईंना विचारलं.

बाई म्हणाल्या, "चूक तुझी नाही. मी वर्षभर तक्ता दाखवला आणि परीक्षेत कांदा ठेवला. दोन्ही शेजारी ठेवून दाखवायला हवं होतं."

जूनपासून लीला प्रत्येक टेबलावर दोन पट्ट्या ठेवू लागली, एक कांद्याची आणि एक हिरव्या पानाची. त्यासाठी तिला अर्धा तास लवकर यावं लागे. बाईंच्या आग्रहाने ती दहावीला बसली. पहिल्या खेपेला गणितात अडकली, दुसऱ्या वेळी सुटली. पगार तोच राहिला. पुढची सतरा वर्षं ती त्याच प्रयोगशाळेत होती. त्या अकरा जणींपैकी एक पुढे त्याच शाळेत शिक्षिका म्हणून आली. पहिले काही महिने ती लीलाशी कामापुरतंच बोलली.