पारख्यानं पाणी दिलेली ऐरण

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला सगळे पारखी म्हणतात. हे नाव त्याला लोकांनी दिलेलं नाही, त्यानं स्वतःच घेतलं आणि दुकानाच्या पाटीवर रंगवूनही टाकलं. आधी तो सोफे विकायचा. ते खपेनात, तेव्हा बंद पडलेल्या कारखान्यांतल्या जुन्या ऐरणी आणून विकायला लागला. माल बदलला, हात काही बदलला नाही. गिऱ्हाईक आलं की ऐरणीवर थाप मारून म्हणणार, "मजबूत आहे, कुरकुरणार नाही." एकाला तर "बसून बघा" असंही म्हणाला होता. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते, अहो-जाहो करते. मनात काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जन्मात कधी हातोडा उचलला नाही, पण बोलणं ऐकावं तर वाटेल लोखंड यानंच शोधून काढलंय. ऐरण आली की तिला काळा रंग फासायचा, वर चमकायला वार्निश. माथ्यावर खड्डे दिसले की घासायचं मशीन फिरवून माथा आरशासारखा करायचा. अहो, ऐरणीचा जीव त्या माथ्यातच असतो. वरचा कडक थर जेमतेम बोटभर. तो घासून काढला की खाली राहतं ते मऊ लोखंड. मी जन्मभर नवऱ्याचा भाता ओढला, तेवढं मलाही कळतं. एकदा बोलून दाखवलं, तर म्हणतो कसा, "ताई, तुम्हाला भाता कळतो, मला बाजार कळतो." त्याला किती बाजार कळतो ते मला ठाऊक आहे. त्याच्याकडचा एक सोफा आमच्या घरात आहे, त्यावर मांजरसुद्धा बसत नाही.

नवरा गेल्यावर त्याची ऐरण दिरांनी नेली. भट्टी मात्र माझ्या लेकीनं चालू ठेवली, ऐरणीच्या जागी रुळाचा एक तुकडा मांडून. तो मेला घणाखाली उड्या मारायचा. जाड सळई त्याच्यावर धड वळायची नाही. संध्याकाळी पोरीचं मनगट सुजून यायचं. अशात तिच्याकडे एका मोठ्या घराच्या गोल जिन्याचा कठडा करायचं काम चालून आलं. घरवाले म्हणाले, आधी नमुन्याचा तुकडा करून दाखवा, पसंत पडला तर काम तुमचं, नाहीतर दुसरीकडे देऊ. तो तुकडा रुळावर होणं शक्यच नव्हतं. हे काम गेलं असतं, तर लेकीनं पुढेही कड्या-कोयंडेच ठोकत बसायचं.

म्हणून आम्ही मायलेकी पारख्याच्या गुदामात गेलो. रंगवलेल्या ऐरणींची रांग सोडून लेक थेट कोपऱ्यात गेली. तिथे कालच आलेली एक होती, अजून तिला पारख्याचा हात लागला नव्हता. लेकीनं खिशातून बेअरिंगची गोळी काढून वीतभर उंचीवरून माथ्यावर सोडली. गोळी टुणकन उसळली ती परत तिच्या बोटांशी. हातोडीनं हलकेच टोला दिला, तर ठण्ण आवाज गुदामभर घुमला.

"काका, हीच. पाणी काय सुरेख आहे हिला! तेवढं पाणी जपा, बाकी काही करू नका. आहे तशी पाठवा."

"पाणी ना?" पारखी मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "ते माझ्यावर सोड."

आता लोहार पाणी म्हणतो ते लोखंडाच्या कडकपणाला. तापवून पाण्यात विझवलं की तो चढतो, म्हणून ते पाणी. हे ज्याला माहीत नाही त्यानं विचारावं. पण विचारलं तर पारखी कसला? माझ्या नवऱ्याला लाल छिन्नी पाण्यात बुडवताना त्यानं कधीतरी पाहिलं होतं, तेवढ्या शिदोरीवर गडी कामाला लागला.

चार माणसं लावून त्यानं ऐरण हातगाडीवरून आणली. स्वतः पुढे, नवरदेवासारखा. मागून माझी बहीण. ऐरण काजळीनं काळीनिळी झालेली.

"पोरी, होतं त्याच्या दुप्पट पाणी दिलंय! न खपलेल्या सोफ्यांचे सांगाडे पेटवले, दिवसभर लालबुंद केली, आणि वरून पिंपभर पाणी ओतलं."

लेकीनं खिशातून गोळी काढली. तिनं गोळी सोडली. थप्प. शेणात पडावी तशी गोळी जागच्या जागी बसली.

"तुझी गोळी जुनी झालीय," पारखी म्हणाला.

"काका, पाणी उतरवलंत तुम्ही हिचं."

"उतरेल कसं? पिंपभर ओतलंय म्हटलं ना! आणखी एक ओतू?"

"एवढं मोठं धूड बादल्यांनी विझत नाही, काका. हळूहळू गार झालं की होतं नव्हतं तेवढं पाणी जातं." लेक भिंतीला टेकून खाली बसली आणि मनगट चोळायला लागली. तिचं तोंड बघवेना.

पारखी मात्र अजून विकतच होता. "एक फायदा बघ, आता आवाज करत नाही. शेजारीपाजारी खूश."

"भावजी," मी म्हटलं, "ऐरणीची वाचा घालवलीत, तुमची शाबूत आहे. उलटं झालं असतं तर मी पेढे— जाऊ दे."

लेकीनं मान वर केली. "काका, तुम्ही हात लावला नाही अशी एक तरी ऐरण आहे का?"

"माझ्याकडे?" छाती पुढे काढून तो म्हणाला. "एकही नाही!"

"माझ्याकडे आहे," बहीण म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो. संसारात ती क्वचितच बोलते, तिची पाळीच येत नाही.

"खुराड्याचं छप्पर वाऱ्यानं उडायचं, म्हणून त्याची तार गुंडाळून ठेवलीय तिला. यांनी भंगारात काढली होती."

बहिणीच्या परसात जाऊन पाहिलं. गंजलेली, एक कोपरा उडालेला, वर कोंबड्यांनी रंगकाम केलेलं. लेकीनं तारेच्या ब्रशनं माथा साफ केला, तेलाचा बोळा फिरवला आणि गोळी सोडली. गोळी उसळली आणि थेट खुराड्यात गेली. कोंबड्यांनी एकच कल्ला केला.

"ही? ही तर टाकाऊ आहे!" पारखी म्हणाला.

"म्हणून तर वाचली," बहीण म्हणाली आणि तार सोडवायला लागली.

ती ऐरण आता आमच्याकडे लाकडाच्या ठोकळ्यावर पक्की बसवलीय. तिच्यावरच नमुना झाला, आणि कठड्याचं कामही मिळालं. लेक गार लोखंड तिच्यावर ठोकत नाही, फडका मारल्याशिवाय भट्टी बंद करत नाही. पारख्यानं पाणी दिलेली ऐरण बहिणीनं खुराड्याला बांधलीय, छप्पर अजिबात हलत नाही म्हणे. आणि पारखी बाजारात सांगत फिरतोय, की मी पोरीसाठी एक ऐरण मुद्दाम उघड्यावर मुरवत ठेवली होती.

परवा भट्टीवर आला. लेक आतूनच ओरडली, "काका, हात खिशात घालून या."

घातले बिचाऱ्यानं. तोंड घालायला मात्र कुठला शिंपी खिसा शिवून देत नाही.