न उचललेला भंडारा

परवा कंग्राळीत एका लग्नात कुणीतरी कपाळाला भंडारा लावला, आणि हळदीच्या त्या कोरड्या वासानं मला पुन्हा कोर्टाच्या पायरीवर नेऊन उभं केलं.

तेव्हा मी तिशीतला होतो. माझ्या चुलत्यांचा, आप्पांचा, बांधावरून शेजारच्या महादूशी वाद होता. आमची कडब्याची गंजी जळाली, ती पेटवताना मी महादूलाच पाहिलं, अशी साक्ष मी द्यायची ठरलं. मी बिचकलो तसे आप्पा म्हणाले, "कोर्टातली शपथ रं ती. तिथं काय बेलभंडारा उचलायचा न्हाय." आमच्याकडं खरी शपथ तीच. मला ते पटलं. आवाज न कापता मी खोटं बोललो.

बाहेर महादूची आई बसली होती. पोरगा चार महिने तुरुंगात होता. तिनं पदराची गाठ सोडून बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा पायरीवर ठेवला.

"उचल बाबा, आन् सांग बघितलंस म्हणून."

माझा हात उठला नाही.

मी परत आत गेलो आणि खरं सांगितलं. महादू सुटला. खोट्या साक्षीबद्दल पुढं मला तीन महिन्यांची कैद झाली. "म्या न्हाय शिकवलं त्याला," म्हणून आप्पा मोकळे झाले.

गावात अजून मला देवाला भिणारा माणूस म्हणतात. खरं आहे ते. देवालाच भ्यालो. आरोपीच्या पिंजऱ्यातून महादू माझ्याकडं बघत होता, तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं.