पालखीचा चौथा सांधा

चैत्रातल्या एखाद्या दुपारी आंबट दह्याचा आणि ओल्या चुन्याचा वास एकत्र आला की नाकाआधी माझे कान तापतात. तो वास माझ्या फजितीचा आहे. ती झाली तापीकाठच्या एका गुजरांच्या गावात, देवळाच्या ओट्यावर, भर गावासमक्ष. मी तिथे शाळामास्तर होतो, म्हणजे एरवी फजिती करण्याचा हक्क माझ्याकडे असे.

केळीच्या बागांतून येणारा गारवा उन्हं चढताच विरून जाई आणि देवळाभोवती सागाच्या ताज्या भुशाचा मंद, तुरट दरवळ रेंगाळत राही. जुन्या पालखीला वाळवी लागली होती आणि रामनवमी चार दिवसांवर आली होती. नवी घडवायला शेजारच्या कोरीट गावाहून दगडू मिस्तरी आला होता. त्याने चार नाजूक खांब कोरले, प्रत्येकाच्या टोकाला कूस, म्हणजे जिभेसारखं अरुंद टोक, काढली आणि ती बसेल अशी खाच तळच्या चौकटीत पाडली. आता सरस लावायचा, की झालं. पण सरस चामडं उकळून करतात हे कळताच पुरुषोत्तम पाटलांनी पागोटं सावरलं. "देवनी पालखीले चामडानं पानी? मन्हा जीव जाई तरी नही!"

तेव्हा मिस्तरीने दही आणि चुना घोटून सांधा धरण्याची तोड काढली. दही मात्र साय काढलेल्या दुधाचं हवं, नाहीतर पकड येत नाही. बाया हटून बसल्या. देवाच्या कामाला निसत्त्व दूध कसं द्यायचं? मिस्तरीने सायीच्या दुधाचे तांबे आल्या पावली परत पाठवले. मग गावाने नवी अट घातली. ज्या घरचं दूध, त्या घरचं एक बोट सांध्याला लागलंच पाहिजे, त्याशिवाय सेवा रुजू होत नाही आणि मागणं देवापर्यंत पोचत नाही. मिस्तरीने कपाळावर हात मारला आणि बोट नुसतं टेकवायचं या बोलीवर होकार दिला. सारखं पसरवायचं काम तो बाभळीच्या चेचलेल्या काडीने स्वतः करणार होता.

ही सारी धर्मभोळी लगबग मी ओट्याच्या कडेला उभा राहून सुशिक्षित स्मिताने न्याहाळत होतो. नवसाने काही होत नसतं, हे मी वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं की फळ्यालाही ते पाठ झालं असावं. खरी गोष्ट अशी की माझी बायको बाळंतपणासाठी घाटावर माहेरी गेली होती. याआधी दोनदा पाळणा रिकामाच राहिला होता आणि तीन आठवडे तिकडून पत्र नव्हतं. पोस्टमन दिसला की मी वर्ग सोडून दारात येई, आणि तो न थांबता पुढे गेला की पुसलेला फळा पुन्हा पुशी. मी भ्यालो होतो. स्मित वगैरे वरचं होतं.

तीन खांब बसले. चौथ्या खाचेत मिस्तरीने थर सारखा केला आणि तो पाणी प्यायला वळला. त्या क्षणी मी पुढे सरकलो, भांड्यात बोट घातलं, चांगलं बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत, आणि तो सगळा गोळा खाचेच्या तळाशी ठेवून दिला. माझं मागणंच तेवढं होतं.

मिस्तरीने खांब उभा करून मोगरी हाणली. कूस आत गेली आणि हळूच वर आली. पुन्हा हाणली, पुन्हा वर आली. तिसऱ्या घावाला खाचेतून पांढरी चिळकांडी उडाली ती थेट पाटलांच्या मिशीवर, आणि त्याच वेळी चौकटीचं लाकूड करकरलं. हसू लागलेली माणसं चौकटीवर वाकली. लाकूड फाटतं तर रामनवमीला देव देवळातच राहिला असता. मिस्तरीने खांब उपसला, खाचेत डोकावला आणि विचारलं, "हाई बोट कोनं शे?"

मिशी पुसता पुसता पाटीलही माझ्याकडेच बघू लागले, कारण दुसऱ्या पेरापर्यंत माखलेलं बोट मी धोतराच्या सोग्यात लपवायला विसरलो होतो.

"मास्तर," मिस्तरी समजुतीच्या सुरात म्हणाला, "जास्ती लावं म्हंजे जास्ती चिकटत नही. सांधाले पातय, सारका थर लागस."

त्याने खाच खरवडायला घेतली, आणि मला राहवलं नाही. शाळा, फळा, स्मित सगळं विसरून मी भर गावात विचारलं, "माझं थोडं तरी राहिलं का हो?"

कुणीच हसलं नाही. बायांना माझ्या घरची गोष्ट मी न सांगताच ठाऊक असावी. मिस्तरीने खरवडलेला गोळा भांड्यात परत घातला, घोटला, आणि त्यातलंच काडीवर घेऊन कुशीवर पातळ फिरवलं.

"राहिनं ना. समदासनं सारकं राहिनं. आते तुम्हनं येगळं काढता देवलेबी येवाव नही."

खांब एका घावात बसला.

पत्र आलं ते रामनवमीनंतर. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या, आणि तारीख पाहिली तर मी खाचेत बोट घातलं तेव्हा ती चांगली सहा दिवसांची झाली होती. म्हणजे माझं मागणं मागण्याआधीच मिळून गेलं होतं आणि हिशेबाने तो गोळा निव्वळ वाया गेला. ही गोष्ट वर्गात सांगण्याजोगी होती, नवसाच्या विरुद्ध याहून चांगला पुरावा कुठला? मी खडू हातात घेतलाही होता. मग तो ठेवला, आणि पोरांना लवकर सोडून पत्र मिस्तरीला वाचून दाखवायला कोरीटच्या वाटेला लागलो.