अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचा घोळ

कवळीवाल्यांच्या हाताबद्दल कुणी ब्र काढायची सोय नव्हती. दातांच्या डॉक्टरांकडून आलेले प्लॅस्टरचे साचे त्यांच्या टेबलावर ओळीने मांडलेले असत आणि ते बारीक कानस घेऊन एकेक दात असा बसवत की, कवळी घालणाऱ्याने पहिल्याच दिवशी कडक बिस्किट मोडून दाखवावं. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. असा हा हात एका गाण्यापुढे मात्र साफ नांगी टाकायचा. हे शल्य त्यांना तरुणपणापासून टोचत होतं.

गाणं होतं ग्रामोफोनच्या एका जुन्या तबकडीवरचं, हवाईयन गिटारचं. ही गिटार मांडीवर आडवी घ्यायची, उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारेवरून सरकवायची. मग सूर असा घसरत, लाडात येत जातो की ऐकणाऱ्याने डोळे मिटून डोलावं! त्या तबकडीवरचा वादक तर एका जागी कांडी थेट तळातून वरच्या टोकाला नेई, तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत. कवळीवाल्यांची कांडी त्या उडीत निम्म्या वाटेवरच राहायची. तबकडीच्या सुरात मिळवायचं म्हणून ते तारा ताणत, आणि बारीक तार दर वेळी ताडकन तुटे. एकदा गालावर चांगला ओरखडा उठला, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, आज गालावर निभावलं. उद्या डोळा जाईल." त्या दिवशी गिटार कपाटावर, बॅगांच्या मागे गेली. कांडी तेवढी त्यांनी कामाच्या खणात ठेवली. कवळ्या चकचकीत करायच्या चाकावर अधूनमधून तिलाही फिरवून घेत. माणसाची आशा मोठी चिवट असते.

ती तबकडी वाजे रविवारी सकाळी, टायरच्या दुकानाच्या माडीवर. दुकानाचे मालक तिथल्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळ म्हणजे कवळीवाल्यांसकट सात-आठ वेडे आणि चावीचा एक ग्रामोफोन. नियम मात्र कोर्टापेक्षा कडक. दर तबकडीला नवी पिन. गाणं चालू असताना जो बोलेल त्याने सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या. आणि वेग मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या, ना एक कमी ना एक जास्त. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अडकवून अध्यक्ष स्वतः फेऱ्या मोजत, आणि त्या वेळी त्यांच्याजवळ शिंकायचीही चोरी होती.

त्या गाण्यात मध्येच कुणीतरी दोन ओळी गातो. आवाज कोवळा. मंडळाने त्याचं नाव ठेवलं होतं 'पोरगा', आणि तो वादकाचाच मुलगा असणार यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुरावा काडीचा नाही, पण प्रेम आंधळं असतं म्हणतात ते काही उगीच नाही.

त्या रविवारी चावी द्यायची पाळी मंडळातल्या रंगाऱ्याची होती. एका घरमालकाने एकाच भिंतीचा रंग तीनदा कसा बदलायला लावला, हे तो रंगात येऊन सांगत होता. त्या नादात चावी अर्धीच दिली गेली. पिन टेकली, गाणं सुरू झालं, सगळे गप्प झाले. आणि अर्ध्यावर तबकडी मंदावू लागली. सूर हळूहळू खाली उतरला. रंगारी जीभ चावत हँडलकडे धावला.

"हात लावू नका! चावी देऊ नका!" कवळीवाले ओरडले.

माडी हादरली. गाणं चालू असताना बोलणं, तेही कवळीवाल्यांनी? रंगारी होता तिथेच थबकला. तेवढ्यात ती उडीची जागा आली. कवळीवाल्यांचा डावा हात गुडघ्यावर आपोआप सरकला आणि अगदी वेळेवर पोचला. पोचला! पुढच्या क्षणी तबकडी रडका आवाज काढून थांबली, पण कवळीवाले उठून उभे राहिले होते.

"अहो, आपण हे गाणं भरधाव पळवतोय! इतकी वर्षं पळवतोय!"

"अठ्ठ्याहत्तर म्हणजे अठ्ठ्याहत्तर," अध्यक्ष लाल झाले. "मी चिठ्ठी लावून मोजतो."

"तुमचं मोजणं शंभर टक्के बरोबर आहे हो. पण ज्याने ही तबकडी भरली, त्याने कुठे मोजलं होतं?"

त्या काळी गाणी भरणारं ज्याचं त्याचं यंत्र आपापल्या वेगाने फिरे, हे सगळ्यांना अध्यक्षांनीच तर शिकवलं होतं. फक्त या लाडक्या तबकडीवर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने नवी पिन बसवली, भरपूर चावी दिली आणि वेगाचा खटका जरा जरा खाली आणला. कुणी म्हणे "अजून", कुणी म्हणे "बस". आणि मग गिटार अशी काही बोलू लागली की सगळे पुढे सरकून बसले. ज्या सुरांची नुसती फोडणी तडतडायची, ते आता एकेक होऊन, सावकाश, भरल्या गळ्याने येत होते. दोन ओळी गाणारा गायला लागला, तो चांगला भरदार आवाजाचा माणूस!

"आपला पोरगा बाप्या झाला की हो!" रंगारी ओरडला. आज नियमाला कुणी भीकच घालत नव्हतं.

मग काय, अख्खी वरात कवळीवाल्यांच्या घरी. बायकोने दार उघडलं आणि एवढी माणसं बघून विचारलं, "कुणाचे दात पडले?" उत्तर द्यायला थांबतो कोण? रंगारी खुर्चीवर चढला, बॅगा खाली आल्या, गिटार आली. धूळ पुसून, वाटेत विकत घेतलेल्या नव्या तारा चढल्या. कवळीवाले बारीक तार पिळू लागले तशी बायकोने सवयीने चेहऱ्यापुढे पदर धरला आणि अध्यक्ष दोन पावलं मागे सरले. पण गाण्याचा सूर खाली उतरला होता, तारेला आता एवढं ताणायचंच नव्हतं. ती सुरात आली आणि निमूट राहिली.

त्यांनी सुरुवात केली. गाणं ओळखू येत होतं. उडी आली. कांडी सुटली, पोचली, आणि थांबायच्या जागेच्या एक घर पुढे निघून गेली. सूर भलताच लागला.

कवळीवाल्यांनी कांडीकडे पाहिलं. आजवर गाणंच अशक्य होतं, म्हणून गिटार बंद करता येत होती. आता गाणं होण्यासारखं होतं आणि चूक त्यांची होती. सर्वस्वी त्यांची. त्यांना भीती वाटली, आणि त्या भीतीखालून इतका आनंद उसळला की डोळे भरून आले.

"चुकलं ना?" बायको समोरच्या स्टुलावर बसत म्हणाली. "मग परत वाजवा की."

आणि त्यांनी परत वाजवलं.