धडधाकट पोराचं लिव्हर

माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा होऊन गेला. नव्वदीची सुरुवात होती, मी तिसरीत होते, आम्ही जुन्नरकडच्या आणे गावात राहायचो. त्याचं पोट फुगून टम्म झालं होतं आणि हातपाय नुसत्या काटक्या. जुन्नरच्या डॉक्टरांनी त्याच्या उजव्या बरगडीखाली बोटं दाबली आणि म्हणाले, "लिव्हर दगडासारखं झालंय." दूध कशात तापवता, असंही त्यांनी विचारलं. पितळेच्या पातेल्यात. कल्हई उडालेलं भांडं असलं तर दुधात तांबं उतरतं आणि एखाद्या लेकराला ते बाधतं, असं ते म्हणाले. तोवर फार उशीर झाला होता. त्यानंतर आमच्या घरात कुणी त्याचं नाव काढलं नाही.

लग्न होऊन मी मंचरला आले. मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. घरात सगळी भांडी स्टीलची. तरी त्याला अंघोळ घालताना माझी बोटं आपसूक बरगडीखाली जायची. साधा ताप आला तरी मी आधी त्याचे डोळे पिवळे झालेत का ते बघायची.

तो पहिलीत गेला त्या वर्षी आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुण्याहून एक मशीन येतंय. सोनोग्राफीच्याच जातीतलं. लिव्हर किती कडक आहे ते मोजतं. त्यासाठी निरोगी मुलं हवीत. याला आणाल?"

"निरोगी कशाला?"

"आजारी मुलाचं कडक झालंय म्हणायला, चांगल्याचं किती मऊ असतं ते आधी कळायला नको का?"

मी हो म्हणाले आणि घरी येईपर्यंत पस्तावले. आईला फोन केला, तर ती दुसऱ्या दिवशीच एसटीनं येऊन दारात उभी.

"चांगल्या पोराला कशाला दाखवायचं? काय निघालं म्हंजे?"

"काही नाही निघायचं, आई."

"त्याचं बी काय निघंल, असं वाटलं न्हवतं."

तपासणीच्या दिवशी मुलगा उपाशीपोटी टेबलावर आडवा झाला. उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांवर गार जेल. डॉक्टरीणबाईंनी मशीनचा दांडा दोन बरगड्यांच्या मधे टेकवला. टक्! टिचकी मारावी तसा आवाज. तो खुदकन हसला. पुन्हा टक्. पडद्यावर आकडा आला. बाईंनी कपाळाला आठी घातली आणि शेजारी आकडे लिहून घेणाऱ्या माणसाला म्हणाल्या, "हे धरू नका."

आई स्टुलावरून उठली.

"काय झालं वो बाई?"

"काही नाही, आजी. हसला की माप चुकतं."

मला ते खरं वाटेना. भावाच्या वेळीही आधी सगळे 'काही नाही'च म्हणाले होते. आईनं माझा दंड इतका आवळला की तिची नखं रुतली. टक्. टक्. प्रत्येक ठोका माझ्याच बरगडीत बसत होता. पोरगं आता आमच्या तोंडाकडे बघून रडवेलं झालं होतं.

शेवटी बाईंनी दांडा पुसला. "छान आहे. एकदम मऊ."

"नक्की? परत बघा की," आई म्हणाली.

बाईंनी न कुरकुरता परत बघितलं. तेच आलं.

"तवा ह्ये मशीन असतं तर माझं पोर राहिलं असतं का?"

बाईंनी दांडा खाली ठेवला. "कदाचित लवकर कळलं असतं, आजी. वाचला असता का, ते मला नाही सांगता यायचं."

आईनं मान हलवली. मुलाच्या पोटावरचं जेल तिनं स्वतःच्या पदरानं पुसलं.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. मात्र एसटी स्टँडवर मुलगा वडापाववर तुटून पडला, तेव्हा त्याच्याकडे बघत आई म्हणाली, "त्याला बी असंच दोन्ही हातांनी खायाची सवय व्हती."

"कुणाला गं, आजी?" त्यानं तोंड भरलेलं असतानाच विचारलं.

"तुझ्या मामाला," आई म्हणाली, आणि एसटी लागेपर्यंत त्याला मामाच्या गोष्टी सांगत बसली.