सोयरीकवालीचं लुगडं

"मी जुळवलेली एक तरी सोयरीक मोडलेली दाखवा!" आमची बायको कमरेवर हात ठेवून विचारायची. कोलशेतात कोणाला दाखवता आली नाही. गाव तिला सोयरीकवालीच म्हणायचं.

मग खाडीकाठी शिकलेली पोरं यायला लागली. भरतीचं पाणी घरात शिरतं, पत्र्याखाली उन्हाळ्यात जीव जातो, मासळी उरली नाही. यात माणसं कसा निभाव लावतात, ते बघायला. एक गट पाण्याचं विचारी, दुसरा उन्हाचं, तिसरा मासळीचं. तीच गल्ली, तीच दारं. लोक वैतागले. आम्ही विचारायचो, घराचं जोतं उंच करू की घरच सोडू? तर म्हणायचे, "काका, तो आमचा विषय नाही."

बायकोने उन्हावाल्या पोरीला धरलं. "पाण्यावाल्यांना ओळखतेस?"

"नाही मावशी."

"एका गल्लीत फिरता नि तोंडओळख नाही? आधी त्यांना फोन लाव. मग दोघं मिळून या."

तेव्हापासून नियमच झाला. एकट्याने आला त्याला चहा मिळायचा, उत्तर नाही.

मी म्हटलं, "अगं, शिकलेली माणसं ती. त्यांचं त्यांना कळतं."

"लग्नाच्या पोरांनाही सगळं कळतं. तरी मध्ये माणूस लागतोच ना?"

एका रविवारी तिने तिन्ही गट आमच्या ओटीवर समोरासमोर बसवले, मुलगी बघायला आल्यासारखे. हिने मध्ये एकच परात ठेवली, भाकऱ्या नि जवळ्याची चटणी. हात एका परातीत गेले तशी तोंडं उघडली. पाण्यावाला म्हणाला, कुणीकुणी जोती उंच केलीत. पोरगी ओरडली, "म्हणजे पत्रा डोक्याला लागला! म्हणून त्याच घरांत उकाडा जास्त!" तिथेच ठरलं, जोतं वाढवायचं तर पत्राही उचलायचा. आमचं घर आम्ही तसंच उचललं.

ती सगळ्यांना बजावायची, "सोयरीक जुळवली मी. माझं मानाचं लुगडं बाकी आहे हां!"

यंदा चैत्रात ती गेली. तेराव्यानंतर ओटीवर कोणी फिरकलं नाही. मला वाटलं, झालं. हिची एक सोयरीक मोडली, तीपण पाठीमागे.

परवा रविवारी सगळे एकदम दारात. बरोबर एक नवीन बाई.

"ह्यांना कोणी आणलं?" मी विचारलं.

"खारफुटीचं बघतात त्या," पोरगी म्हणाली. "तुमच्याकडे यायच्या आधी आम्हाला फोन केला त्यांनी. आता नियमच आहे ना, काका."

मग पोरीने पिशवीतून लुगडं काढलं आणि हिच्या फोटोपुढे ठेवलं. हळदीसारखं पिवळं.

"दुकानात भांडलो आम्ही रंगावरून," पाण्यावाला म्हणाला. "हे मासळीवाले हिरवं म्हणत होते."

हिला पिवळा रंग कधीच आवडला नाही. पण तिघं एका दुकानात गेले, भांडले आणि एकच लुगडं घेऊन बाहेर आले. मी आत गेलो, परात काढली.