आमचं दुकान पाडलं ती दुपार

मला रोजनिशी लिहायची खोड आहे. लातूर नवा जिल्हा झाला त्या काळातल्या माझ्या वह्यांत बहुतेक पाण्याचंच रडगाणं आहे. जिल्हा नवा, टंचाई मात्र जुनीच. बाजारपेठेला आग लागली त्या दिवसाची पानं तेवढी वेगळी.

आता कचेऱ्या येणार, कागद खपणार, म्हणून आम्ही वह्या-कागदांचं दुकान थाटलं होतं. बाजारातल्या ओळीच्या बरोबर मध्यावर, नव्याकोऱ्या फळ्यांचं. सगळीच दुकानं लाकडाची आणि पत्र्याची, एकमेकांना खेटलेली. पश्चिमेच्या टोकाला दुष्काळासाठी आणलेल्या कडब्याच्या गंजी होत्या. भर दुपारी त्यांनीच पेट घेतला. शिकवणं अर्धवट टाकून मी शाळेतून धावत पोचले तोवर कापडवाल्यांची दुकानं गेली होती. बंबातलं पाणी संपलं होतं आणि तो पुन्हा भरायला आडांत चिखलसुद्धा नव्हता.

आमचे हे मुलखाचे भिडस्त. गिऱ्हाइकाने स्वतः शाई सांडून वही परत आणली तरी माफी हेच मागायचे. ते पहार घेऊन रस्त्यात उभे होते.

"माझं पाडा," ते पूर्वेला खेटून असलेल्या भुसारवाल्याला म्हणाले. "मधी मोकळं झालं की आग पुढं जायची न्हाई."

"तुमच्याला तर आजून धगबी लागली न्हाई."

"म्हणूनच. लागल्यावर काय पाडता?"

कोणी पुढे होईना. तेव्हा यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि स्वतःच्याच चौकटीत पहार घातली. मग मात्र अख्खी ओळ धावली. कागदाचे गठ्ठे आम्ही हातोहात बाहेर काढले, खांबांना दोर बांधून छप्पर ओढलं, फळी न् फळी लांब नेऊन टाकली. माझा जीव तुटत होता. मनातल्या मनात मी यांना नाही नाही ते बोलत होते, पण हात थांबवले नाहीत.

आग आमच्या उघड्या जोत्यापाशी आली, बराच वेळ धुमसली आणि तिथेच बसली. पूर्वेकडच्या एकाही दुकानाला झळ पोचली नाही. माणसं पाया पडायला लागली तशी हे लाजून माझ्या मागे येऊन उभे राहिले. एवढा अभिमान मला माझ्या लग्नातही वाटला नव्हता.

घरी जाताना हे हळूच म्हणाले, "तुला इचारायचं राहिलं बघ."

"असू द्या," मी म्हणाले. विचारलं असतं तर मी नकोच म्हणाले असते.